दोन रिचमंड आणि अठरा मुक्काम

इंग्लंडमध्ये रिचमंड नावाची दोन गावं आहेत. २९ वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या बाईला हे माहीत असायला हवं होतं. मी मात्र गेल्या महिन्यात, इंग्लंडमधल्या आमच्या पायी प्रवासाच्या बेतासाठी, मोठ्या हौसेने ‘रिचमंड, दोघींसाठी एक खोली, एक रात्र’ असं बुक केलं आणि माधवीला स्क्रीनशॉट पाठवून दिला. पाच मिनिटांत तिचा फोन.

“वहिनी, ही खोली लंडनमध्ये आहे.”

“बरं मग?”

“मग काही नाही. आपण त्या दिवशी रीथहून चालत निघणार आहोत. संध्याकाळच्या चहापर्यंत लंडन गाठणं जरा कठीण दिसतंय.”

आपल्याला हवं ते रिचमंड उत्तरेला यॉर्कशायरमध्ये, रीथ गावाच्या पुढे, स्वेल नदीच्या काठी आहे. मूळ इंग्लंडातलं रिचमंड तेच. सातव्या हेन्रीकडे तिथली सरदारकी होती, म्हणून थेम्सकाठचा राजवाडा नव्याने बांधल्यावर त्याला त्याने तेच नाव दिलं आणि पुढे तिथल्या गावालाही ते चिकटलं. हे सगळं मी खोली रद्द केल्यानंतर वाचलं. पैसे परत मिळाले, अब्रू नाही. माधवीने हा किस्सा घरच्या ग्रुपवर टाकला आणि तेव्हापासून मी कुठलंही बुकिंग केलं की माझा भाचा फक्त ‘कुठलं?’ एवढंच लिहितो.

तर प्रकरण असं आहे. मी मागच्या मे महिन्यात निवृत्त झाले. माधवी माझी धाकटी नणंद, २४ वर्षं लेस्टरला असते. येत्या जूनमध्ये आम्ही दोघी इंग्लंड आडवं चालणार आहोत. पश्चिमेला आयरिश समुद्राच्या काठावरचं सेंट बीज, तिथून पूर्वेला उत्तर समुद्रावरचं रॉबिन हूड्स बे. १९० मैल, म्हणजे ३०० किलोमीटरच्या थोडं वरच. या वाटेला कोस्ट टू कोस्ट म्हणतात. आल्फ्रेड वेनराइट नावाच्या गृहस्थाने ती आखली आणि १९७३ साली पुस्तकातून लोकांपुढे ठेवली. हा माणूस केंडल गावच्या नगरपालिकेत खजिनदार होता. मला ते वाचून फार बरं वाटलं. डोंगर भटकणारा म्हणजे दाढी वाढवलेला कुणी अवलिया, असं आपल्या डोक्यात असतं. इथे आठवडाभर जमाखर्च लिहिणारा आणि सुटी मिळाली की बस पकडून डोंगरात जाणारा एक कारकुनी वळणाचा माणूस. असले लोक मला कळतात.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी जपमाळ खाली ठेवली. “एवढं विमानाचं तिकीट काढून जायचं, आणि तिकडे चालायचं? गाड्या बंद आहेत का तिथे?”

हीच वाट का, हे मला अनेकांनी विचारलंय. पर्याय पुष्कळ होते. कॉट्सवोल्ड वे आहे, चिपिंग कॅम्पडनपासून बाथपर्यंत, मधाच्या रंगाच्या दगडांची घरं असलेल्या गावांमधून. साउथ डाउन्स वे आहे, खडूच्या टेकड्यांच्या माथ्यावरून. हेड्रियनच्या रोमन भिंतीच्या कडेने जाणारी आहे. पेनाइन वे तर ४३० किलोमीटर, १९६५ साली खुली झालेली, या सगळ्या राष्ट्रीय पायवाटांमधली पहिली. पण त्यातली प्रत्येक वाट एका प्रकारच्या भूमीला धरून चालते. कोस्ट टू कोस्ट देशाला आडवा छेद देते. भूगोलाच्या बाईला छेद दिसला की हात शिवशिवतात. आम्ही फळ्यावर काढायचो तसा: डावीकडे समुद्र, मग उंचवटा, मग उतार, मग मैदान, पुन्हा उंचवटा, पुन्हा समुद्र. सेंट बीजचे कडे लाल वालुकाश्माचे. लेक डिस्ट्रिक्टमध्ये पाटीचा दगड आणि ज्वालामुखीय खडक. शॅपच्या पुढे एकदम चुनखडी. पेनाइनच्या माथ्यावर पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीची दलदल. त्यानंतर सपाट शेती, मग हेदर नावाच्या झुडपांचं माळरान आणि शेवटी परत कडे. तीन राष्ट्रीय उद्यानं वाटेत लागतात: लेक डिस्ट्रिक्ट, यॉर्कशायर डेल्स, नॉर्थ यॉर्क मूर्स.

आणि आतली गोष्ट सांगायची तर, हिमनदीने कोरलेली ‘यू’ आकाराची दरी मी २९ वर्षं खडूने काढली. दर वर्षी, त्याच फळ्यावर, ‘व्ही’ आकाराच्या शेजारी. प्रत्यक्षात एकदाही बघितलेली नाही. सह्याद्रीत कुठून असणार? एनरडेलची दरी तशी आहे. दुसऱ्याच दिवशी तिच्या तळातून आम्हाला दिवसभर चालायचंय, तळ्याच्या काठाने, थेट दरीच्या डोक्यापर्यंत. तिथे ब्लॅक सेल नावाचं एक हॉस्टेल आहे, पूर्वी मेंढपाळाची खोपटी होती, गाडीरस्ता अजून तिथे जात नाही. पुढे ओढ्याकडेचा उभा चढ आणि मग होनिस्टरच्या पाटीच्या खाणीवरून खाली बॉरोडेलच्या खोऱ्यात.

पावसाचंही तसंच. पश्चिमेकडून येणारे ओले वारे लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांना अडतात. बॉरोडेलमधल्या सीथवेटला वर्षाला सुमारे ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो, इंग्लंडमधली माणूसवस्ती असलेली सगळ्यात ओली जागा म्हणून ती ओळखली जाते. आमचा दुसरा मुक्काम रॉसथ्वेटला, म्हणजे तिच्या शेजारीच. पूर्वेकडच्या सपाटीवर याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी पाऊस. कोकण, घाटमाथा आणि देश, एवढंच. फक्त आमचा घाटमाथा जूनमध्ये सुरू होतो आणि सप्टेंबरात आटोपतो. यांचा बारा महिने चालू.

आता मुख्य मुद्दा. मी सह्याद्रीत कॉलेजपासून फिरतेय आणि मला वाटायचं की भटकंतीची आखणी म्हणजे काय मोठंसं. पाणी कुठे आहे, देऊळ कुठे आहे, शेवटची एसटी किती वाजता. देवळात पथारी टाकायची, गावात कुणाकडे तरी पिठलं-भाकरी सांगायची. इंग्लंडमध्ये मात्र दर रात्रीची गादी आधी ठरवावी लागते. आणि वाटेवर माणसांचा मुळीच तोटा नाही, तोटा गाद्यांचा आहे. केल्डसारख्या गावात घरंच मोजकी, त्यात खोल्या देणारी दोन-चार. तेव्हा आधी नकाशा बघून ‘रोज वीस किलोमीटर’ असे तुकडे पाडायचे आणि मग खोल्या शोधायच्या, हे मी केलं आणि तीन आठवडे वाया घालवले. करायचं असतं उलटं. जिथे एकच छप्पर आहे त्या जागेपासून सुरुवात करायची.

ती जागा म्हणजे ब्लेकी रिज. नॉर्थ यॉर्क मूर्सच्या उघड्या पठारावर, समुद्रसपाटीपासून ४०० मीटर उंचीवर, सोळाव्या शतकापासूनची एक सराई उभी आहे. आसपास मैलोन् मैल दुसरं काही नाही. जूनमधली प्रत्येक रात्र तिथे भरलेली. मी लिहिलं, त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं. पुन्हा पुढच्या आठवड्याचं विचारलं, पुन्हा नाही. मग एका सकाळी मेल आली: एक खोली रिकामी झाली आहे, पण तुम्ही मागितलेल्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी. मी दात घासता घासता ‘हो’ लिहिलं. त्यानंतर लक्षात आलं की आता अलीकडच्या पलीकडच्या सगळ्याच तारखा हलणार. एक्सेलमधल्या १७ ओळींच्या १८ झाल्या.

तो जास्तीचा दिवस कुठे घालायचा यावर माधवीशी दोन तास चर्चा झाली. तिला ग्रासमियर हवं होतं, तळं आहे, दुकानं आहेत, जिंजरब्रेड मिळतो. मी कर्कबी स्टीफनवर अडून बसले. कारण ते साधारण मध्यावर येतं, आणि त्या गावाला सेटल ते कार्लाइल मार्गावरचं स्टेशन आहे. गावापासून थोडं बाहेर, पण आहे. गुडघ्याने दगा दिला तर तिथून सरळ लीड्सची गाडी पकडता येते. “म्हणजे तू पळून जायचा रस्ता शोधून ठेवतेयस,” माधवी म्हणाली. हो. ५८ व्या वर्षी तो शोधूनच ठेवायचा असतो.

सामानावरूनही असंच झालं. पाठीवरची मोठी सॅक रोज पुढच्या मुक्कामाला गाडीने पोचवणाऱ्या कंपन्या या मार्गावर आहेत. सकाळी दारात ठेवायची, संध्याकाळी पुढच्या दारात मिळते. आपण फक्त पाणी, डबा आणि पावसाचं इरलं घेऊन चालायचं. मला हे सुरुवातीला पटेना. स्वतःचं ओझं स्वतः नाही वाहिलं तर तो कसला ट्रेक? मग माधवीने विचारलं, “वहिनी, तू पूर्ण वारी केलीस तेव्हा वळकटी कुठे होती गं?”

दिंडीच्या ट्रकमध्ये होती. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत. रोज पहाटे ट्रकवर चढवायची आणि मुक्कामाला पोचल्यावर शंभर सारख्याच वळकट्यांमधून आपली शोधायची. मी माझ्या वळकटीला जुन्या पोपटी साडीची पट्टी बांधली होती. त्या वेळी कुणी म्हणालं नाही की ही वारी नव्हे. मी गप्प बसले आणि सॅक पाठवायचं बुकिंग केलं. तीच पोपटी पट्टी शोधून ठेवलीय.

खरं तर वारीचे शब्दच इथे सगळ्यात नेमके बसतात. टप्पा, मुक्काम, विसावा. आमच्या एक्सेलमधले मथळेही तेच आहेत. इंग्रजी मार्गदर्शिका पहिला ‘दिवस’, दुसरा ‘दिवस’ म्हणतात. पण दिवस आपोआप उगवतो, मुक्काम गाठावा लागतो.

टप्पे किती लांबीचे करायचे हे मी नेस्मिथच्या नियमाने ठरवलं. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये तो सांगितला: सपाटीवर तासाला ५ किलोमीटर धरा, आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास वाढवा. विश्रांती, फोटो आणि ‘थांब जरा’ यात धरलेलं नाही. मी हा नियम सिंहगडावर तपासला. आतकरवाडीतून गड म्हणजे साधारण ६०० मीटर चढ, वाट तीनेक किलोमीटर. नेस्मिथच्या हिशेबाने एक तास ३६ मिनिटं. मला लागली दोन तास १५ मिनिटं. म्हणजे माझा गुणक १.४. हा आकडा मी एक्सेलच्या वरच्या कोपऱ्यात लिहिला आणि सगळ्या टप्प्यांना लावला. लगेच दोन टप्पे लाल झाले.

त्यातला पहिला पॅटरडेल ते शॅप. २५ किलोमीटर, आणि मधे किडस्टी पाइक, ७८० मीटर, नेहमीच्या मार्गावरचा सर्वोच्च माथा. आपल्याकडच्या माणसाला ७८० ऐकून हसू येतं. पुणं शहरच साडेपाचशे मीटरवर बसलंय. पण पुण्यातून आपण तिथून पुढे मोजायला सुरुवात करतो, हे लोक तळ्याच्या काठावरून करतात. दिवसभरात चढउतार धरून हजारेक मीटरची चढाई होते. माझ्या गुणकाने सव्वानऊ तास, जेवणखाण वेगळं. शिवाय माथ्यावरून उतरलो की हॉजवॉटरच्या काठाने लांबच लांब वाट आहे आणि ती दिसते तितकी सपाट नाही, असं सगळेच सांगतात. हे तळं म्हणजे मँचेस्टरला पाणी देणारं धरण. १९३० च्या दशकात त्यासाठी मार्डेल ग्रीन गाव बुडालं. फार आटलं की गावाच्या भिंती वर येतात. उजनीत पळसदेवचं देऊळ वर येतं, तसं. त्या दिवशी माझ्या मनात हे असणार हे मला आत्ताच माहीत आहे, म्हणून तिथे अर्धा तास जास्तीचा धरून ठेवलाय.

सुदैवाने जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो. दहा तासांच्या टप्प्याला हा मोठाच आधार. सकाळी आठला निघालो आणि कुर्मगतीने गेलो तरी अंधाराच्या आत पोचतो.

लाल झालेला दुसरा टप्पा शॅप ते कर्कबी स्टीफन, ३३ किलोमीटर. तो आम्ही ऑर्टनला तोडला. यात थोडा स्वार्थ होता. शॅपच्या बाहेर एम-६ महामार्गावरचा पादचारी पूल ओलांडला की चुनखडीचा प्रदेश लागतो, आणि ऑर्टनच्या परिसरात चुनखडीच्या फरश्या आहेत. पावसाच्या पाण्याने फटी रुंदावत जाऊन खडकाची जणू फरशी घातलेली, आणि फटींमध्ये सावलीला वाढणारे नेचे. पाठ्यपुस्तकात एक धूसर कृष्णधवल चित्र असायचं, त्यात ते वाळलेल्या चिखलासारखं दिसायचं. मुलं विचारायची, बाई, हे काय आहे? आता सांगेन, नीट फोटो काढून.

जून की ऑगस्ट, यावर माझं आणि माधवीचं खरंखुरं भांडण झालं. ऑगस्टमध्ये यॉर्क मूर्सवर हेदर फुलतं आणि माळच्या माळ जांभळे होतात. माधवीने ते एकदा गाडीतून पाहिलंय, तिला चालत पाहायचंय. जूनमध्ये स्वेलडेलमधल्या गवताच्या कुरणांना फुलं येतात, मूकर गावच्या आसपास, आणि मग जुलैत कापणी होते. दोन्ही एकदम मिळत नाही. मी कुरणांच्या बाजूने होते. ती कुरणं माणसाने शेकडो वर्षं एकाच पद्धतीने राखल्यामुळे टिकलीत: हिवाळी चारा साठवायला प्रत्येक शेतात दगडी कोठार, आणि चुना-सिमेंट न लावता रचलेले गडगे. माझ्या आजोळी, रत्नागिरीकडे, असेच गडगे होते आणि त्यांच्यावरून उडी मारली की आजी ओरडायची, दगड ढळतो म्हणून. इंग्लंडमध्ये तोच नियम आहे. भिंतीवर चढायचं नाही, पायऱ्या केलेल्या असतात तिथूनच ओलांडायचं, आणि कुरणातून एकामागे एक चालायचं, गवत तुडवायचं नाही.

केल्डहून रीथला जायला दोन वाटा आहेत. वरची जुन्या शिशाच्या खाणींच्या अवशेषांमधून, खालची नदीकाठाने कुरणांमधून. आम्ही खालची घेणार. जून मला मिळाला, त्याबदल्यात शेवटच्या दिवशी संध्याकाळी कुठे जेवायचं ते माधवी ठरवणार. तिने आत्ताच ठरवलंय: चिप्स, समुद्राकडे तोंड करून.

केल्डच्या आदल्या टप्प्यातल्या नाइन स्टँडर्ड्स रिगबद्दल मला वर्गात उभं राहून बोलावंसं वाटतं. ६६२ मीटर उंचीवर दगडांचे नऊ उंच मनोरे ओळीने उभे आहेत. तो इंग्लंडचा मुख्य जलविभाजक. पश्चिमेला पडलेलं पाणी ईडन नदीतून आयरिश समुद्राकडे, पूर्वेला पडलेलं स्वेलमधून उत्तर समुद्राकडे. महाबळेश्वरला सावित्री आणि कृष्णा पाठमोऱ्या निघतात तसंच. फक्त तिथे माथ्यावर देऊळ नाही, गोमुख नाही, दलदल आहे. पीटचा काळा चिखल, गुडघाभर. इतक्या लोकांच्या पायांनी तो इतका खचला की ऋतूनुसार वेगवेगळ्या वाटा ठरवून दिल्या, नकाशावर त्या लाल, निळ्या, हिरव्या रंगात दाखवतात. म्हणून बूट.

बुटांचं सांगते. दुकानदार म्हणाला, शंभर टक्के वॉटरप्रूफ. मी घरी आणून बादलीत चार इंच पाणी घेतलं, लोकरीचे मोजे चढवले, बूट घातले, लेस आवळल्या आणि एकेक पाय बादलीत घालून वीस वीस मिनिटं मोरीत उभी राहिले. हातात वर्तमानपत्र. उजवा कोरडा. डाव्याची जीभ जिथे शिवलीय तिथून आठव्या मिनिटाला गार सुई टोचल्यासारखं झालं आणि मग हळूहळू करंगळीपर्यंत ओल पोचली. नवऱ्याने दारातून बघितलं आणि काही न बोलता निघून गेला. दुसऱ्या दिवशी तोच मोजा पिळून दाखवल्यावर दुकानदाराने जोडी बदलून दिली. नव्या जोडीने परीक्षा पास केली, पण सिंहगडावरून उतरताना डाव्या करंगळीला फोड आला. आता आतून पातळ आणि बाहेरून जाड असे दोन मोजे घालतेय. घर्षण मोज्यामोज्यात होतं, कातड्याशी नाही. सुती मोजे मात्र पहिल्याच फेरीत बाद.

ज्या गोष्टीने मला सगळ्यात चकित केलं ती बूट किंवा पाऊस नव्हे. ही वाट लोकांच्या शेतांतून जाते. शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारून, कधी अंगणातून, आणि कुणी हटकत नाही, कारण तो हक्क आहे. वहिवाट. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अशा वहिवाटीच्या वाटा सुमारे २ लाख २५ हजार किलोमीटर आहेत. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला त्यांचा पक्का नकाशा करायला लावला. जे नकाशावर आलं ते शेतकऱ्यालाही बंद करता येत नाही. हे सहज मिळालेलं नाही. २४ एप्रिल १९३२ ला किंडर स्काउटच्या माळावर शेकडो लोक मुद्दाम घुसले होते, बरेचसे मँचेस्टरकडचे तरुण कामगार, आणि त्यातले काही तुरुंगातही गेले. माझ्या माहेरी बांधावरून जाण्याच्या वाटेचा दावा ११ वर्षं चालला. दोन्ही पक्षांचे वकील म्हातारे झाले. त्यामुळे झाडावर पिवळा बाण ठोकलाय आणि तुम्ही बिनदिक्कत परक्याच्या रानातून चाललाय, हे मला चित्रातसुद्धा बघवत नाही, छातीत धडधडतं.

माधवीची धडधड वेगळी आहे. तिला गाईंची भीती वाटते. पुण्यात जन्मलेली, लक्ष्मी रोडवर गाईच्या शेपटीखालून शाळेत गेलेली मुलगी! पण तिचं बरोबर आहे. वासरू बरोबर असलेली गाय तिथेही अंगावर येते. गाय आणि वासरू यांच्या मधून जायचं नाही, लांबून वळसा घ्यायचा, धावायचं नाही.

सपाटीवर, मूर्सच्या अलीकडे, ए-१९ नावाचा वाहता चौपदरी रस्ता आडवा येतो. या वाटेचे लोक वर्षानुवर्षं तो गाड्यांमधली फट बघून ओलांडत आलेत आणि त्याची वर्णनं अगदी रडवेली असतात. या एकाच बाबतीत आमची तयारी पूर्ण आहे. मी सिंहगड रोडला राहते.

खाण्याचं थोडक्यात. मी शाकाहारी, अंडं चालतं, त्यामुळे सकाळचा प्रश्न नाही. डब्यासाठी मेतकूट, दाण्याची चटणी, दशम्या. तूप नाही, दशम्यासुद्धा दुधातल्या नाहीत, पेढे नाहीत: दुधाचे पदार्थ आपल्याकडून तिकडे नेता येत नाहीत. सासूबाईंनी साजूक तुपातले डिंकाचे लाडू मनात योजले होते, ते रद्द झाल्याचा त्यांना माझ्यापेक्षा जास्त धक्का बसला.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासूनच करता येतो, आणि खोल्या त्याच्या कितीतरी आधी धराव्या लागतात. म्हणून शक्य तिथे रद्द करता येतील अशाच खोल्या घेतल्यात, शंभर पौंडांच्या आगेमागे पडतात दोघींना मिळून. बँकेची कागदपत्रं नवऱ्याकडे सोपवलीत, त्याला त्यात खरा आनंद मिळतो. फोनवर नकाशा आहे, तरी कागदाचाही घेतलाय, एनरडेलसारख्या दरीत रेंज धरायची नाही. दोघींच्या गळ्यात शिट्टी असेल. संकटात मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. सासूबाईंसमोर सराव केला तर त्या म्हणाल्या, कुकर बंद करा कुणीतरी.

त्यांना आणखी एक गोष्ट पटलेली नाही. सेंट बीजला समुद्रात बूट बुडवायचे, किनाऱ्यावरचा एक खडा उचलायचा, ३०० किलोमीटर खिशात न्यायचा आणि रॉबिन हूड्स बेला दुसऱ्या समुद्रात टाकायचा, अशी इथली रीत आहे. “तिकडे टाकायचाच होता तर उचललात कशाला?” मी म्हटलं, आई, रीत आहे. “मग ठीक,” त्या म्हणाल्या. रीत म्हटलं की त्यांना पुढे विचारायचं नसतं.

आजची स्थिती अशी. १८ पैकी १७ मुक्काम पक्के. मूर्सवरच्या क्ले बँक खिंडीत राहायची सोय नाही, पण खाली ग्रेट ब्रॉटनची यजमानीण म्हणते, खिंडीत या, मी गाडी घेऊन येते आणि सकाळी तिथेच सोडते. म्हणजे एक पाऊलही वगळलं जात नाही, हे माधवीने तिला दोनदा विचारून घेतलं. यॉर्कशायरच्या रिचमंडला खोली मिळाली, मी पोस्टकोड तीनदा वाचला. राहिलंय फक्त त्याच्या पुढचं डॅनबी विस्क. छोटं गाव, दोन ठिकाणी लिहिलंय, अजून उत्तर नाही. तिथे नाही मिळालं तर रिचमंडहून थेट इंगलबी क्रॉस, ३६ किलोमीटर एका दिवसात. माधवी म्हणते, सपाटच आहे, जमेल. मी तिला १.४ पाठवला. तिने त्यावर अंगठा टाकलाय, म्हणजे काय ते तीच जाणे.

उद्या रविवार. साडेपाचला आतकरवाडीला निघायचंय, दोन मोज्यांवर.